हजेरीपटावरचे शिक्षण

सीएची अंतिम परीक्षा किती अवघड असते, हे ज्या घरात कुणी ती देत आहे त्या घराला सांगावे लागत नाही. पण ही परीक्षा माणूस विशी-पंचविशीत देतो आणि तिच्या जोरावर सही मात्र पुढे तीस-चाळीस वर्षे करत राहतो. २००० साली उत्तीर्ण झालेल्या लेखापालाने अभ्यासलेला कंपनी कायदा १९५६ चा होता. तो जाऊन २०१३ चा आला. त्याने विक्रीकर, उत्पादन शुल्क आणि सेवाकर वेगवेगळे शिकले. १ जुलै २०१७ पासून त्यांची जागा प्रामुख्याने वस्तू व सेवा कराने घेतली. दिवाळखोरी संहिता २०१६ ची. मोठ्या कंपन्यांना लागू झालेली नवी लेखामानकेही त्याच वर्षापासूनची. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासूनचा. आणि ज्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची कलमे या व्यवसायातल्या माणसांना तोंडपाठ असत, त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणारा २०२५ चा कायदा आहे. परीक्षेत जे विचारले गेले त्यातले फारच थोडे आज जसेच्या तसे उरले आहे. तरीही पतसंस्थेत ठेव ठेवणारा, शेअर घेणारा, गृहनिर्माण सोसायटीची वर्गणी भरणारा असा प्रत्येक जण त्या सहीवर विसंबतो. म्हणून लेखापाल परीक्षेनंतर काय शिकतात आणि ते शिकल्याची खात्री कशी करून घेतली जाते, ही त्या व्यवसायापुरती अंतर्गत बाब राहत नाही.

या खात्रीसाठी आपल्याकडे व्यवस्था आहे आणि ती कागदावर चांगली भरभक्कम आहे. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आयसीएआय या संस्थेने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी साठीच्या आतल्या, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या सदस्यांना १२० तासांच्या निरंतर व्यावसायिक शिक्षणाची अट घातली. त्यातले किमान ६० तास ‘स्ट्रक्चर्ड’, आणि तेही दर वर्षी किमान २०. स्ट्रक्चर्ड म्हणजे संस्थेने मान्य केलेली चर्चासत्रे, परिषदा, स्टडी सर्कलच्या बैठका, ऑनलाइन वर्ग, जिथे उपस्थितीची रीतसर नोंद होते. उरलेले तास वाचन, लेखन, आपसातली चर्चा यांचे. ते सदस्याने स्वतःच जाहीर करायचे. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर अशा ठिकाणच्या शाखांमध्ये वर्षभर हे कार्यक्रम चालतात. त्यातली व्याख्याने पुष्कळदा उत्तम असतात, वक्ते अभ्यासू असतात आणि मानधनाकडे न पाहता शिकवणारेही असतात. तेव्हा तक्रार या कार्यक्रमांबद्दल नाही. तक्रार मोजमापाबद्दल आहे. ही व्यवस्था लेखापाल सभागृहात किती वेळ बसला हे मोजते. त्या बसण्यामुळे त्याच्या कामात काय फरक पडला हे मोजत नाही. आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू कुणाचेच काम उरत नाही.

तास मोजण्याची पद्धत आपण शोधलेली नाही. जगभरच्या लेखापाल संघटनांच्या महासंघाने, आयफॅकने, निरंतर शिक्षणासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक केले त्यातही तीन वर्षांत १२० तास, त्यातले ६० पडताळता येण्याजोगे, दर वर्षी किमान २०, असेच आकडे होते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांची अटही वर्षाला सरासरी ४० तासांच्या आसपास जाते. या पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. तास सगळ्यांना सारखे लागू होतात, ते मोजायला सोपे असतात, आणि संगणकावर एका क्षणात कुणाचे भरले व कुणाचे नाहीत हे कळते. शिवाय ही अट जाचक मुळीच नाही. वर्षाला ४० तास म्हणजे आठवड्याला पाऊण तास. वर्षाचे दोन हजार तास काम धरले तर जेमतेम दोन टक्के. अडचण वेगळीच आहे. मोजायला सोपे म्हणून निवडलेले माप काही काळाने स्वतःच उद्दिष्ट होऊन बसते. मग ‘काय शिकायचे राहिले आहे’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘किती तास राहिले आहेत’ हा पुढे येतो. वस्तू व सेवा करात ज्याचा हात चांगला बसला आहे तो त्याच विषयाचे पाचवे सत्र ऐकतो, कारण ते सोयीच्या दिवशी आहे. पण ज्या कंपनीच्या ताळेबंदावर तो सही करतो तिथल्या संबंधित पक्षांच्या व्यवहारांविषयी त्याने कित्येक वर्षांत काही ऐकलेले नसते. दोन्ही विषयांचे तास नियमाच्या दृष्टीने सारखेच. आयफॅकचे सुधारित मानक २०२० पासून लागू झाले. त्याचा भर शिक्षणाच्या फलितावर आहे, म्हणजे शिकणाऱ्याला शेवटी काय करता आले पाहिजे यावर. हा बदल महासंघाने उगाच केलेला नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक सत्राच्या शेवटी परीक्षा ठेवणे. तो करून पाहिला गेला आहे आणि त्याचे काय झाले हेही नोंदलेले आहे. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने, एसईसीने, केपीएमजी या लेखापरीक्षण फर्मला पाच कोटी डॉलरचा दंड केला. त्यातला एक आरोप असा होता की फर्ममधल्या लेखापरीक्षकांनी अंतर्गत प्रशिक्षणाच्या परीक्षांची उत्तरे एकमेकांना पुरवली आणि काहींनी सर्व्हरवर फेरफार करून उत्तीर्ण होण्याची पातळीच खाली आणली. त्यामुळे २५ टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर असलेलेही उत्तीर्ण ठरले. तीन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, अर्न्स्ट अँड यंगला दहा कोटी डॉलरचा दंड झाला. लेखापरीक्षण फर्मला एसईसीने तोवर केलेला तो सर्वांत मोठा दंड होता. तिथल्या कर्मचाऱ्यांनी कॉपी केली होती ती सीपीए, म्हणजे अमेरिकेतल्या लेखापालाच्या, परवान्यासाठीच्या नीतिमत्तेच्या परीक्षेत आणि परवाना टिकवण्यासाठीच्या निरंतर शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत. एप्रिल २०२४ मध्ये केपीएमजीच्या नेदरलँड्समधल्या फर्मला याच कारणासाठी अडीच कोटी डॉलर भरावे लागले. तिथे हा प्रकार २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षे चालला होता आणि त्यात वरिष्ठ मंडळीही होती. ही माणसे अडाणी नव्हती. याहून कितीतरी कठीण परीक्षा त्यांनी स्वतःच्या बळावर दिल्या होत्या. तरीही सोप्या परीक्षेत त्यांनी कॉपी केली, कारण त्या परीक्षेचा आपल्या रोजच्या कामाशी संबंध आहे असे त्यांना वाटेनासे झाले होते. ती एक औपचारिकता होती, आणि औपचारिकता लवकरात लवकर उरकायची असते. म्हणजे हजेरीच्या जागी प्रश्नपत्रिका आणली तरी मूळ दोष तसाच राहतो. शिकणे कामापासून तोडले की त्याची नोंद तेवढी उरते, मग ती सहीची असो वा गुणांची.

हा दोष किती महाग पडतो हे भारताने सत्यमच्या प्रकरणात पाहिले. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कंपनीच्या हिशेबातली रोकड खोटी असल्याचे कबूल केले. कंपनीच्या बँक शिलकीची खात्री लेखापरीक्षकाने परस्पर बँकेकडून करून घ्यायची असते. पत्र त्याने स्वतः पाठवायचे आणि उत्तर थेट त्याच्याकडेच यायला हवे. आर्टिकलशिपच्या, म्हणजे लेखापालाकडच्या उमेदवारीच्या, पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. पण एप्रिल २०११ मध्ये एसईसीने सत्यमचे लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय फर्म्सवर जो आदेश काढला त्यात म्हटले होते की ही पत्रे पाठवण्याचे आणि उत्तरे गोळा करण्याचे काम लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच हाती सोपवले होते, आणि हा प्रकार एकट्या सत्यमपुरता नव्हता, तर फर्मच्या गुणवत्ता-नियंत्रणातच खोट होती. इथे नियम माहीत नव्हता असे कुणी म्हणू शकणार नाही. माहीत असलेला नियम न पाळण्याची सवय लागली होती आणि ती सवय कुणी हटकली नव्हती. बाहेरून शेकडो तासांची व्याख्याने झाली असती तरी या सवयीला धक्का लागला नसता, कारण व्याख्यानात तो नियम प्रत्येकाने मान डोलावूनच ऐकला असता. म्हणून त्या आदेशातली शिक्षा पाहण्यासारखी आहे. ६० लाख डॉलरच्या दंडाबरोबर फर्मला सांगितले गेले की कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू करा, अहवालावर सही होण्याआधी तो दुसऱ्याने तपासण्याची पद्धत घाला, लेखापरीक्षणाची कार्यपद्धती बदला आणि या सगळ्यावर बाहेरचा स्वतंत्र निरीक्षक नेमा. नुसते प्रशिक्षण सांगितले नाही. दोष कुठे आहे ते आधी निश्चित केले, मग त्या दोषाचे प्रशिक्षण, आणि त्यानंतर काम सुधारले की नाही हे पाहणारा माणूस, असा तो क्रम होता. निरंतर शिक्षणाचा आराखडा याहून वेगळा असण्याचे कारण नाही. फरक इतकाच असावा की घोटाळा होण्याची वाट पाहू नये.

इथे एक मूलभूत आक्षेप येतो. घोटाळे अज्ञानातून होत नाहीत, लोभातून होतात. ज्याची नियत फिरली आहे त्याला शिकवून काय होणार, असे अनेक जाणती माणसे म्हणतात. घोटाळा करणाऱ्याबद्दल हे खरे आहे. पण लेखापरीक्षक बहुतेक वेळा घोटाळा करणारा नसतो. तो घोटाळा न दिसलेला माणूस असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार रुपये काढता येतील असे सांगितले, तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या हजारो कुटुंबांना लेखापरीक्षण म्हणजे काय याचा अर्थ एका दिवसात कळला. बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली होती. बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या आणि वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या पत्रात हे कसे खपले याचेही स्पष्टीकरण होते. वेळ अपुरा असल्याने लेखापरीक्षक सगळी खाती न तपासता त्या वर्षात वाढलेली कर्जे तेवढी पाहत, असे त्यांनी म्हटले होते. हे स्पष्टीकरण आरोपीच्या बाजूचे आहे, ते जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. पण त्यात सांगितलेली युक्ती शक्य कोटीतली वाटते, हेच पुरेसे बोलके आहे. नमुना कसा निवडायचा, व्यवस्थापनाला आपली निवड आधीच ओळखता येते का, वर्षानुवर्षे न पाहिलेल्या खात्यांत काय असू शकते, एकाच पत्त्यावरची कर्जे एकत्र कशी दिसतील, हे सगळे शिकता आणि शिकवता येते. ते चारित्र्याचे प्रश्न नाहीत, कौशल्याचे आहेत. आणि प्रामाणिक माणसाजवळ हे कौशल्य नसेल तर त्याचा प्रामाणिकपणा लबाड माणसाच्याच उपयोगी पडतो.

काय शिकवायचे हे शोधायला दूर जावे लागणार नाही. १ ऑक्टोबर २०१८ रोजी स्थापन झालेले राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण, म्हणजे एनएफआरए, आपले आदेश आणि मोठ्या फर्म्सच्या तपासणीचे अहवाल संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. ते ओळीने वाचले तर तेच तेच विषय पुन्हा भेटतात. केलेल्या कामाची नोंद फायलीत नाही. फसवणुकीची शक्यता गृहीत धरून जी तपासणी करायची ती झालेली नाही. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार व्यवस्थापनाच्या शब्दावर मान्य केले. कंपनी पुढे चालू राहील की नाही याचा विचार साच्यातल्या दोन वाक्यांत उरकला. या प्रत्येक गोष्टीसाठी लेखापरीक्षणाचे स्वतंत्र मानक आहे, ते अभ्यासक्रमात आहे आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतो. दुसरीकडे आयसीएआयचे पीअर रिव्ह्यू मंडळ २००२ पासून आहे. त्यात एका फर्मच्या फायली दुसरा अनुभवी लेखापाल पाहतो, आणि अलीकडे ते टप्प्याटप्प्याने अधिकाधिक फर्म्सना सक्तीचे होत आहे. म्हणजे चुका कुठे होतात हे सांगणारी एक यंत्रणा आपल्याकडे आहे आणि शिकवणारी दुसरी यंत्रणाही आहे. या दोन यंत्रणा एकमेकींशी पुरेशा बोलत नाहीत. ज्याच्या फायलीत बँक शिलकीच्या खात्रीचा दोष सापडला त्याचे पुढच्या वर्षीचे तास कोणत्या विषयावर भरले जावेत, हे ठरवण्याचा अधिकार त्या दोषाला असायला हवा. आज तो सदस्याच्या सोयीला आहे.

तेव्हा प्रस्ताव साधा आहे. तासांची अट राहू द्यावी, पण स्ट्रक्चर्ड तासांपैकी निम्मे सदस्य जे काम प्रत्यक्ष करतो त्याच्याशी बांधावेत. त्याने कोणत्या प्रकारच्या अहवालांवर सह्या केल्या हे संस्थेला विचारत बसावे लागत नाही. २०१९ पासून प्रत्येक अहवालाला आणि दाखल्याला यूडीआयएन हा क्रमांक घ्यावा लागतो, त्यामुळे ती माहिती तिच्याकडे आहेच. जो कंपन्यांचे लेखापरीक्षण करतो त्याने त्या मानकांचे, जो बँक शाखांचे करतो त्याने कर्जखात्यांचे. दुसरे म्हणजे या तासांचे स्वरूप बदलावे. दोनशे जणांच्या सभागृहातल्या भाषणाऐवजी पंधरा-वीस जणांनी नावे काढून टाकलेली खरी फाईल समोर घेऊन बसावे, तिच्यात काय राहिले ते शोधावे, आणि ते काम स्वतः करून दाखवावे. सॉफ्टवेअरमधल्या फेरफार-नोंदीचा नियम याचे चांगले उदाहरण आहे. ही नोंद वर्षभर चालू होती का, सर्व व्यवहारांसाठी होती का, तिच्यात कुणी ढवळाढवळ केली का, यावर लेखापरीक्षकाला अहवालात मत द्यावे लागते. नियमाचा मजकूर वाचून दाखवायला दहा मिनिटे लागतात. पण ती नोंद बंद करून पुन्हा चालू केली तर कुठे खूण उरते, आणि सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट डेटाबेसमध्ये बदल केला तर ते कसे कळणार, हे संगणकासमोर बसल्याशिवाय समजत नाही. तिसरे म्हणजे, पीअर रिव्ह्यूत सापडलेल्या दोषाचे प्रशिक्षण झाल्यावर पुढच्या वर्षीची एक फाईल त्याच दोषासाठी पुन्हा पाहावी. तो दोष गेला असेल तर शिक्षण झाले म्हणायचे. नसेल तर कितीही तास भरले असले तरी ते झालेले नाही.

छोट्या व्यावसायिकाची बाजू इथे मांडलीच पाहिजे, कारण नियमांचा भार नेहमी त्याच्यावरच अधिक पडतो. तालुक्याच्या गावी दोन मदतनीस आणि एक आर्टिकल घेऊन काम करणाऱ्या लेखापालाचे वर्ष रिटर्नच्या तारखांवर चालते. सप्टेंबरची टॅक्स ऑडिटची मुदत, दर महिन्याचे जीएसटीचे विवरणपत्र, मार्चअखेरीची बँक शाखांची कामे. अशा माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन गटात बसून फाईल सोडवायला सांगणे म्हणजे बुडीत दिवसाची भर घालणे, असे तो म्हणेल. मोठ्या फर्मला स्वतःचा प्रशिक्षण विभाग असतो, याला नसतो. हा आक्षेप खरा आहे, पण तो आजच्या पद्धतीलाच जास्त लागू पडतो. आजही त्याचा दिवस जातोच, शुल्कही जाते, आणि बदल्यात बरेचदा असे काही ऐकायला मिळते ज्याचा त्याच्या अशिलांशी संबंध नसतो. तास त्याच्या कामाशी जोडले तर निदान गेलेला वेळ उपयोगी पडेल. गटात बसून फाईल सोडवणे ऑनलाइनही करता येते, आणि शेजारच्या चार तालुक्यांतल्या समव्यावसायिकांनी महिन्यातून एकदा जमून केले तर स्टडी सर्कलची जी मूळ कल्पना होती तीच पुन्हा जिवंत होईल. काम करता करता माणूस शिकतोच, त्यासाठी वेगळे तास कशाला, असेही काही म्हणतात. काम खरेच शिकवते, पण जी चूक कुणी दाखवून दिली नाही तीही काम तितक्याच निष्ठेने पक्की करते. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला चूक दाखवणारा सहकारी नसतो, म्हणून दुसऱ्याच्या नजरेची गरज मोठ्या फर्मपेक्षा त्यालाच अधिक असते.

दुसरा आक्षेप इंग्लंडच्या अनुभवातून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. तिथल्या सनदी लेखापालांच्या संस्थेने, आयसीएईडब्ल्यूने, अनेक वर्षे तासांची अटच ठेवली नव्हती. आपल्या कामाला काय लागते याचा विचार सदस्याने स्वतः करावा, ते शिकावे आणि त्याची नोंद ठेवावी, इतकेच अपेक्षित होते. फलितावर भर देणारी ही पद्धत ऐकायला आदर्श वाटते. पण नोव्हेंबर २०२३ पासून तीच संस्था कामाच्या जोखमीनुसार वर्षाला किमान इतके तास, त्यातले काही पडताळता येण्याजोगे आणि नीतिमत्तेचा किमान एक तास, अशा अटीकडे वळली. मग फलिताचा आग्रह धरणाऱ्यांनी यातून काय घ्यायचे? एक तर हे मान्य करायचे की केवळ स्वतःच्या विवेकावर सोडले तर गर्दीच्या वर्षात शिकणे सर्वांत आधी मागे पडते. म्हणून किमान तासांची अट लागतेच, आणि ती काढून टाका असे इथे कुणी म्हणत नाही. पण त्याच बदलातली दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. इंग्लंडमध्ये आता सगळ्यांना एकच आकडा लागू नाही. ज्याच्या कामात जनतेची जोखीम जास्त त्याला तास जास्त, ज्याची कमी त्याला कमी. म्हणजे तासांकडे परततानाही त्यांनी शिकण्याला कामाचा निकष सोडू दिला नाही. आपल्याकडे सूचिबद्ध कंपनीच्या ताळेबंदावर सही करणारा आणि केवळ छोट्या दुकानदारांची विवरणपत्रे भरणारा, दोघेही स्वतंत्र व्यवसाय करणारे म्हणून एकाच रांगेत उभे असतात.

तिसरी शंका अशी की पीअर रिव्ह्यूतले दोष प्रशिक्षणाशी जोडले तर लोक दोष लपवू लागतील आणि पीअर रिव्ह्यू करणाराही ओळखीखातर ते लिहायचे टाळील. ही भीती मनुष्यस्वभावाला धरून आहे. म्हणून दोष सापडल्याचा पहिला परिणाम शिक्षा नसावा, प्रशिक्षण असावे, आणि सदस्याचे नाव बाहेर येऊ नये. त्याच विषयात तोच दोष दुसऱ्यांदा निघाला तरच पुढची कारवाई. ज्या वैमानिकांच्या जगाचे दाखले सुरक्षिततेसाठी नेहमी दिले जातात, तिथेही चूक कळवणाऱ्याला आधी शिकवले जाते, कारण तसे केले नाही तर चुका कळायच्याच बंद होतात. शिस्तभंगाचे दार बंद करावे असा याचा अर्थ नाही. फसवणुकीत सामील असणाऱ्याला ते उघडेच राहिले पाहिजे. पण रोजच्या हलगर्जीपणाला शिक्षेच्या धाकापेक्षा दुरुस्तीची सक्ती अधिक लागू पडते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, जी दिल्लीतल्या चर्चेत येत नाही. इथे लेखापरीक्षण फक्त सनदी लेखापाल करत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खाली पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था आणि राज्यातल्या लाखभराहून अधिक गृहनिर्माण संस्थांचे लेखापरीक्षण होते, आणि ते करणाऱ्या शासनमान्य नामिकेवर, म्हणजे यादीवर, सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका घेतलेले प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. गावातल्या ठेवीदाराचा पैसा पुष्कळदा यांच्याच अहवालावर उभा असतो. संस्थेला ऑडिट वर्ग ‘अ’ मिळाला की ठेवीदार निश्चिंत होतो. आयसीएआयच्या १२० तासांचा नियम या लेखापरीक्षकांना लागू होत नाही, कारण ते त्या संस्थेचे सदस्यच नाहीत. एनएफआरएच्या कक्षेतही पतसंस्था येत नाहीत. या क्षेत्रात शिकण्याचा कच्चा माल मात्र मुबलक आहे. प्रत्येक संस्थेला लेखापरीक्षणातल्या दोषांवर दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल सहकार खात्याच्या जिल्हा आणि तालुका कार्यालयांत वर्षानुवर्षे साठत जातात. त्यांतून वारंवार येणारे दोष वेगळे काढले, त्यांवर मराठीत प्रकरण-अभ्यास तयार केले आणि नामिकेवर राहायचे असेल तर त्या अभ्यासातून जाणे आवश्यक ठरवले, तर फार मोठा खर्च न करता एक उत्तम प्रशिक्षण व्यवस्था उभी राहू शकते. आयसीएआयच्या पश्चिम भारत विभागाच्या शाखा महाराष्ट्रात आणि गोव्यात आहेतच. शिकवणारी माणसे तिथून मिळू शकतात. ज्या राज्यात सहकाराने एवढे भांडवल उभे केले, तिथे त्या भांडवलाचा पहारेकरी एकदा पदविका घेतल्यावर पुढे काय शिकतो याची चौकशी सरकारने करणे वाजवी आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो हिशेबाचाच. ज्या व्यवसायाचे सगळे अस्तित्व पुराव्याशिवाय आकडा मान्य न करण्यावर उभे आहे, त्याने स्वतःच्या शिक्षणाचा आकडा मात्र हजेरीच्या पुराव्यावर मान्य केला आहे. कंपनीने ‘आमच्या गोदामात माल आहे, कारण रखवालदाराच्या वहीत तशी नोंद आहे’ असे सांगितले तर कोणताही लेखापरीक्षक गोदाम उघडून दाखवा म्हणेल. तोच आग्रह त्याने स्वतःच्या संस्थेपुढे धरावा. वर्षाअखेरीस किती कार्यक्रम झाले आणि किती तास वाटले गेले याचा आकडा आयसीएआय देतेच. त्याच्या शेजारी आणखी एक तक्ता तिने छापावा: पीअर रिव्ह्यूत सर्वाधिक आढळलेले दहा दोष कोणते, त्यांवर किती सदस्यांना शिकवले, आणि शिकवल्यानंतर पाहिलेल्या फायलींत त्यांतले किती दोष पुन्हा निघाले. सहकार खात्यानेही दोष दुरुस्ती अहवालांवरून असाच तक्ता दर वर्षी काढावा. पहिल्या वर्षी हे आकडे चांगले नसतील, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण तिसऱ्या वर्षी ते कमी झाले असतील तर निरंतर शिक्षण चालते आहे असे म्हणता येईल, आणि तसेच राहिले असतील तर पद्धत बदलावी लागेल. हा तक्ता मागण्याचा हक्क ठेवीदाराला, भागधारकाला आणि सोसायटीच्या सभासदाला आहे, कारण सहीची किंमत तेच मोजतात.